शिपायाच्या खांद्यावरची घोंगडी

सांगलीला शिक्षक असताना गॅदरिंगसाठी मी एका राजघराण्याचं नाटक लिहिलं, सगळा दरबार आजच्या हायस्कुलात बसवून. राजा मॉनिटर झाला, राणी मुख्याध्यापिका. राजाला घाटातून वाट दाखवणाऱ्या धनगराला मात्र मी बावळट शिपाई केलं. लोक हसावेत म्हणून.

शिपायाच्या खांद्यावर टाकायला घोंगडी आटपाडीकडच्या एका म्हाताऱ्या धनगरानं दिली होती. तो पुढेच बसला होता. शिपाई घंटेवर आपटून पडला आणि सभागृह खदखदून हसलं. म्हातारा उठला, रंगमंचावर चढला. त्यानं घोंगडी काढून घेतली, झटकली आणि सावकाश घडी घालू लागला.

"आवं बाबा, नाटक हाय ते!" कुणीतरी ओरडलं.

तो माझ्याकडे वळला. "गुरजी, राजाला शाळंत घातलंसा, राणीला घातलंसा. मग आमालाच दारात का हुबं केलंसा?"

"गंमत असते हो," मी म्हणालो.

त्या उत्तराची मला अजून चीड येते. जुन्या कागदांत मी स्वतः वाचलं होतं: राजानं त्या वाटाड्याला दरबारात आपल्या शेजारी बसवलं होतं. ते मी जाणूनबुजून गाळलं. त्या शाळेत नाटक अजून दरवर्षी होतं, शिपाई दरवर्षी पडतो आणि पत्रिकेवर लेखक म्हणून माझंच नाव छापतात.