उजव्या तळव्याचा फोड

मोक्पो शहरातल्या आमच्या इस्पितळात ओकबुनला सगळे मावशीच म्हणायचे. मेंदूच्या वॉर्डात तीस वर्षं तिनं पेशंटांचं हगणंमुतणं काढलं. मीही तिच्याच जोडीला राबत होते. नवा पेशंट आला की ही नुसती बघायची. तोंड वाकडं, हात लुळा, पाय लुळा, सगळं एकाच अंगाला? "मेंदू," म्हणायची, "आणि तोही पलीकडच्या बाजूचा." कधी चुकली नाही बया.

पण घरचं माणूस आडवं झालं आणि शहाणपण गेलं चुलीत! थोरली बहीण दोकरे डावा पाय ओढायला लागली, तर हिनं इथल्या चार बायका करतात तेच केलं. दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढलं, सोन्याच्या वर्खाची गोळी चघळायला दिली आणि चुलीची ऊब जमिनीखाली जिथून शिरते, त्या मानाच्या गरम जागी निजवलं. सकाळी बघते तर उजव्या तळव्याला टम्म फोड.

"अगं ताई, पाय का नाही काढून घेतलास?"

"मला कुठं कळलं भाजतंय ते!"

ओकबुननं तिचे दोन्ही पाय, हात, तोंड चाचपून पाहिलं. डाव्या पायात जोर नाही, उजव्याला चटका कळत नाही, हात-तोंड मात्र धडधाकट. म्हणजे मेंदू नव्हेच. पाठीच्या कण्यात, डाव्या बाजूला, काहीतरी दाबत होतं; कण्यात जोर त्याच बाजूनं उतरतो, चटक्याची जाणीव मात्र पलीकडच्या बाजूनं चढते.

तशीच तिला इस्पितळात घेऊन आली. आमच्या वॉर्डाच्या नोह डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. स्वच्छ निघाला.

"वय झालंय, घरी न्या."

"डॉक्टर, पाठीचा काढा हो. हा फोड तरी बघा."

"मावशी, तुम्ही चादरी बदला. फोडाला मलम लावा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी चादरींचा गठ्ठा उचलून पुढच्या खाटेकडे वळले.

अकराव्या दिवशी ताईचे दोन्ही पाय गेले. मग पाठीचा फोटो निघाला. कण्यात गाठ होती. ऑपरेशनात गाठ गेली, पाय काही आले नाहीत. सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर चालली असती. आणलं होतं हो, आणलं होतं!

पुढच्या सोमवारी नोह डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन खाटेशी आले. फोड अजून भरला नव्हता.

"बघा, एवढ्याशा फोडावरून दुखणं नेमकं कुठं आहे ते सांगता येतं. नजर पाहिजे."

पोरांनी माना डोलावल्या.

"मावशी, पाय जरा वर धरा. मागच्यांना दिसू दे."

ओकबुननं बहिणीचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि ते पुरे म्हणेपर्यंत धरून उभी राहिली.