बाबांच्या गाडीला नवा स्टार्टर

बाबांच्या गाडीचं नाव सांगितलं की ऐकणारा लगेच आपल्या मामाच्या तशाच गाडीची गोष्ट सुरू करतो, म्हणून ते सांगत नाही. गोल दिवे, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी आणि पुढे तिघं सहज मावतील अशी सलग सीट. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला असताना बाबांनी ती उल्हासनगरच्या एका कापड-व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली होती. आमच्याकडे येण्याआधी तिनं साड्यांचे गठ्ठे वाहिले होते, त्यामुळे मागच्या सीटखाली आम्हाला कितीतरी वर्षं टिकल्या सापडत. गाडी चालवायला मी हिच्यावरच शिकले आणि शिकताना बाबांच्या भरपूर शिव्या खाल्ल्या.

आई गेल्यापासून बाबांचा एक नेम होता. रविवारी सकाळी बदलापूर गावातल्या घरून गाडी काढायची आणि जांभूळ गावाला आत्याकडे जायचं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, गुडघ्यांमुळे घरात बसलेली. दोघं ओट्यावर बसून भांडायची, जेवायची, पुन्हा भांडायची आणि उन्हं कलली की बाबा परत यायचे. रिक्षा मिळत नाही असं नाही. पण रिक्षानं गेले की रिक्षावाला ताटकळतो म्हणून बाबा तासाभरात उठत. स्वतःच्या गाडीनं गेले की त्यांना कुणाला काही सांगावं लागत नसे. मला हे अगदी पटायचं. मी त्यांच्यावरच गेलेय. मला कुणी नुसतं 'कधी येणार' विचारलं तरी माझं डोकं फिरतं.

मग स्टार्टर गेला. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर म्हणजे स्टार्टर. जुन्या गाडीचा तो चांगला जाडजूड, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. एकदा त्याची वायर पुन्हा गुंडाळून आणली, दुसऱ्यांदा बुश बदलले, तिसऱ्यांदा गॅरेजवाल्यानं हात जोडले. आता गाडी चालू करायची तर धक्का मारायचा. शेजारचे एक गृहस्थ आणि त्यांचा भाऊ यायचे, तेही दोन-तीनदा. दर रविवारी लोकांना हाक मारणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. रविवार बंद झाले.

माझा दादा बाबांजवळच राहतो, भाड्याच्या खोल्यांचं बघतो. मी स्टेशनच्या पलीकडे, माझ्या संसारात. मी फोन केला की विचारायची, "स्टार्टरचं काय झालं?" आणि दादा म्हणायचा, "पार्ट मिळत नाय गं." वर्ष होत आलं तरी तेच. पार्ट मिळत नाही! उल्हासनगर शेजारी असताना! जिथं लोकांना विमानाचा पार्ट मागितला तरी 'शाम को आओ' म्हणतात, तिथं एका स्टार्टरचं घोडं अडतं? दादाला कामाचा कंटाळा आहे, एवढाच अर्थ मी काढला. त्याला तसं बोललेसुद्धा. तो गप्प बसला. तो गप्प बसला की माझा पारा आणखी चढतो.

शेवटी मीच उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेले. दुकानदारानं माझा जुना स्टार्टर उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. "दीदी, इसको छोड़ो. आजकल ये आता है." त्यानं काढून दाखवला तो जुन्याच्या निम्मासुद्धा नव्हता. आत गिअर असतात, त्यामुळे छोटी मोटर वेगात फिरते आणि जोर मात्र जास्त मिळतो. त्यानं तो बॅटरीला लावून फिरवून दाखवला. मी त्याच्या पुढच्या गिअरचे दात मोजले, जुन्याच्या दाताशी नव्याचा दात लावून पाहिला, कोणत्या बाजूला फिरतो ते पाहिलं. सगळं जुळलं. "बैठाने का प्लेट बनाना पड़ेगा, वो आपका," तो म्हणाला. प्लेट म्हणजे काय माझ्या हातचा मळ. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये मी मालाची तपासणी करते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या भोकांची मापं घेते.

जुन्या स्टार्टरच्या बोल्टची भोकं एका अंतरावर, नव्याची दुसऱ्या. मधे जाड लोखंडी प्लेट घालायची, तिला दोन्हीकडची भोकं पाडायची, म्हणजे दोघांची सोयरीक होते. मी गाडीखाली पाठीवर पडून मापं घेतली. बाबा खुर्ची टाकून बाजूला बसले होते. "कशाला एवढा खटाटोप करतेस बाय," ते दोनदा म्हणाले. मुलीला त्रास नको म्हणून म्हणतायत, असं मी धरून चालले. प्लेट साहेबांची परवानगी काढून आमच्याच मशीनवर केली. अशी नेटकी झाली की पाहणाऱ्यानं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

रविवारी ती बसवली. स्टार्टर असा फिरवून घ्यावा लागला की त्याच्या पाठीवरची डबी सायलेन्सरच्या पाइपला लागू नये. त्यात सकाळ गेली. मग मी बाबांना म्हटलं, "फिरवा किल्ली." त्यांनी फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. बॅटरी भरलेली, वायर घट्ट, तरी नुसतं टक्. दादा दारात उभा होता. "राहू दे ना आता," तो म्हणाला. "नसंल व्हायचं तर नाय."

मी गाडीखालूनच त्याच्यावर ओरडले. तुला काही करायचं नाही तर निदान करणाऱ्याच्या वाटेत येऊ नकोस, बाबा घरात कोंडले गेलेत ते तुझ्यामुळे, असलं बरंच काही. शेजारपाजारच्यांनी ऐकलं असणार. दादानं उलट एक शब्द काढला नाही. बाबांनीही नाही.

बाहेर येऊन हात पुसताना चूक माझ्या लक्षात आली आणि मला स्वतःलाच हसू फुटलं. आमच्या युनिटमध्ये लोखंडाचा तुकडा रंगवल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. एमआयडीसीच्या हवेत उघडं लोखंड बघता बघता गंजतं, म्हणून जे होईल ते पावडर कोटिंगला पाठवायचं, ही हाताला लागलेली सवय. माझी प्लेटसुद्धा भोकांच्या आतपर्यंत काळ्या रंगात भाजून आली होती. आणि स्टार्टरला येणारी वायर एकच असते. विजेची परतीची वाट त्याच्या अंगातून, प्लेटमधून, इंजिनातून. ती वाट मी छान रंग लावून बुजवली होती. प्लेट उतरवून दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरनं घासली. कोपर दुखून आलं, पण लोखंड पांढरं होईपर्यंत सोडलं नाही.

पुन्हा जोडली, बाबांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. जुना स्टार्टर आधी कण्हायचा, मग कधीतरी इंजिन उठायचं. हा किर्रर्र करतो न करतो तोच इंजिन चालू. मी टाळ्या वाजवल्या. दादा आत निघून गेला. जाऊ दे, जळतोय मेला, असं मी मनात म्हटलं आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसले. "चला, आत्याकडे. जेवायलाच जाऊ."

बाबांनी गाडी अंगणातून हळूहळू फाटकापर्यंत नेली आणि रस्त्याला लागण्याआधी थांबवली. उजवीकडून एक मोटारसायकल गेली, तिच्या मागोमाग टेम्पो गेला. मग रस्ता मोकळा झाला. बाबा थांबलेलेच.

"घ्या ना बाबा, रिकामा आहे रस्ता."

"हाय का रिकामा?" त्यांनी विचारलं.

नुसतं म्हणायचं म्हणून नाही. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"उजव्या डोळ्यानं मना दिसत नाय बाय," ते म्हणाले. "काचबिंदू हाय. डॉक्टर बोलला, गेलं ते परत येनार नाय."

"कधीपासून?"

"गाडी बंद पडली तवाच कळलं. तुझा दादाच घेऊन गेलेला मना. त्याला मीच बोललो, पार्ट मिळत नाय असं सांग सगल्यांना."

"मला का नाही सांगितलंत?"

"गाडी बंद होती ना. तुझी आत्या विचारायची, का येत नाय, मी सांगायचो गाडी बंद हाय. गावातले विचारायचे, त्यांनाही तेच. भागत होतं माझं."

दादाला जे जे बोलले होते ते सगळं आठवून कानशिलं गरम झाली. आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की या माणसाला अंगावर घ्यायला एक पांघरूण होतं आणि मी सुट्टीचा दिवस खर्चून, मापं घेऊन, मोठ्या कौशल्यानं ते ओढून काढलं होतं.

तेवढ्यात धक्का मारायला येणारे ते शेजारचे गृहस्थ फाटकाशी आले. गाडी रस्त्याच्या तोंडावर बंद उभी पाहून त्यांनी बाह्या सरसावल्या. "काय काका, परत पडली काय बंद? मारू धक्का?"

"हो ना," मी घाईघाईनं म्हणाले, "हा नवा स्टार्टर पण काही..."

"नाय रं," बाबा म्हणाले. "स्टार्टर झकास हाय. पोरीनं बसवलाय. मनाच दिसत नाय आता."

शेजारी नुसते "असं होय" म्हणाले आणि फाटकाला हात लावून उभे राहिले. बाबा दार उघडून उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक तिकडं," म्हणाले. मी सीटवरून सरकत स्टिअरिंगमागे गेले. ते माझ्या जागेवर बसले, दार ओढून घेतलं आणि समोर बघत राहिले.

मी किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली आणि मला रडू फुटलं.

"रड मंग," बाबा म्हणाले. "आधी उजवीकडं बघ."