निळीचा बॉल

माझी मुलगी समिधा अकरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

अंजूरला आमच्या गोडाऊनमागच्या सिमेंटच्या जागेत मुलींनी टेनिस कोर्ट आखलंय. तिथल्या फायनलला पंच मी. समिधाचा शेवटचा बॉल रेषेच्या आत पडला की बाहेर, मला दिसलंच नाही. (खरं सांगतो, मी चष्मा पुसत होतो. हे बायकोलाही ठाऊक नाही!) पण बापाने पोरीची बाजू घेतली, असं गाव म्हणेल या भीतीने मी ओरडलो, "आउट!" कप गेला भिवंडीच्या अल्फियाकडे.

मी ठरवलं, फायनल परत होणार आणि निकाल यंत्र देणार! टीव्हीवर नाही का, बॉल कुठे पडला ते कॉम्प्युटर दाखवतो? अल्फिया कप घेऊन हसत तयार झाली. मी बांबूला पॉवरलूमच्या सुताने मोबाइल बांधला. खाडीचा वारा सुटला. व्हिडिओत बॉल जागेवर आणि कोर्ट नाचतंय!

"अवो, बॉलाला कपऱ्यांची नील लावा," बायको म्हणाली. "परंल तिथं डाग. तरी न्हाय दिसला त मानूसच आंधला हाय!"

बादलीभर निळीत बॉल बुडवले. तिसऱ्या गेमपर्यंत नेट निळं, मुली निळ्या, शेजारच्या काकूंचे पापड निळे! डागांत डाग मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पॉइंटनंतर बायको पोछा मारत होती.

"अंकल, ये टेनिस है या होली?" अल्फियाने विचारलं.

"न्याय आहे, बेटा!" मी म्हणालो.

पुन्हा शेवटचा पॉइंट. या वेळी रेषेला नजरेआड होऊ द्यायचं नाही, म्हणून मी तिच्यावरच दोन्हीकडे पाय टाकून उभा राहिलो. समिधाने जीव खाऊन बॉल मारला. थप्प!

आम्ही सगळे वाकून डाग शोधू लागलो. आत नाही. बाहेर नाही. कोर्ट लख्ख!

"निशान गया किधर?" अल्फिया.

बायकोने पोछ्याचा दांडा माझ्याकडे रोखला. पांढऱ्या शर्टावर, बरोबर पोटावर, गोल निळा डाग! (कळ आली होती, पण मला वाटलं टेन्शनची.)

अकरा दिवसांनी समिधाने तोंड उघडलं. "बाबा, तुमचं पोट आत होतं की बाहेर?"

मी अगदी प्रामाणिकपणे मान खाली घालून पाहिलं. चष्मा स्वच्छ होता, ऊन लख्ख होतं. पण पोटाखालची रेष काही मला दिसेना!