अण्णांचा गज आणि काळी नदीची ट्रिप

अण्णा गेले म्हणून रविवारची ट्रिप कॅन्सल होणार नाही.

आपल्या फिशिंगच्या ग्रुपवर कालपासून हात जोडलेले मेसेज येतायत. त्यातच एक असा: "यापुढं सीनियर मेंबर वेगळे जाऊ. नवीन लोकांचं नंतर बघू."

माणूस जाऊन चोवीस तास झाले नाहीत. म्हणून हे इथं, सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. घरात मासा शिजत नाही आणि या माणसाला फ्लाय फिशिंगचं वेड. गळाला किडा लावायचा नाही. कोंबड्याचं पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती लांब दोरीनं पाण्यावर अलगद टाकायची. मासा लागला की बघायचा आणि सोडून द्यायचा.

शेजारचे दुकानदार विचारायचे, "खायचं नाही तर पकडायचं कशाला की?"

"तुम्ही रोज फिरायला जाता. रस्ता घरी घेऊन येता काय?"

मी मळमड्डीत राहणारी शाळेतली बाई. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर, गुडघा वाकत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ब्लाऊजपीस घ्यायला दुकानात गेले तर अण्णा गिऱ्हाईक सोडून माशी बांधत बसलेले.

"धंदा नाही वाटतं, माशा मारताय?" मी म्हटलं.

"मारत नाही, बांधतोय. शिकणार काय बाई? रविवारी ग्राउंडवर या."

माझ्या पायाकडं बघितलंसुद्धा नाही.

आधी ग्राउंडवर, दोरीच्या टोकाला लोकर बांधून. मग उणकलच्या तळ्यावर. खरं सांगते, अण्णांची स्वतःची फेक काही ग्रेट नव्हती. कापड मोजताना चार बोटं जास्त सोडायची सवय, तशीच दोरीही जास्त सोडायचे. मग ती सगळी पाण्यावर गोळा होऊन पडायची.

"गिऱ्हाईक खूश, मासा नाराज," म्हणायचे.

पण वर्षाचं प्लॅनिंग त्यांचंच.

दिवाळी पाडव्याला दुकानात वहीपूजन झालं की त्याच गादीवर आम्ही सगळे बसायचो. लाडू-चिवडा खाता खाता पुढचं वर्ष ठरायचं. पावसाळ्यात माशांची वीण, तेव्हा पाण्याला हात लावायचा नाही, दुकानात बसून माश्या बांधायच्या. थंडीत तळी. आणि थंडी सरली की परवानगी काढून काळी नदी, दांडेलीच्या बाजूला.

तिथं महाशीर, नदीतला सगळ्यात दांडगा मासा. सगळ्यांचा जीव त्या एका ट्रिपमध्ये. माझाही.

मी नवीन आले त्या वर्षीच्या पाडव्याला ग्रुपमधले दोन रिटायर्ड साहेब बोलले. दोघांचाही हात एकदम पक्का, आणि जीप त्यांची.

"अण्णा, काळी नदी फक्त पक्क्यांसाठी ठेवा. दगड आहेत तिथं. बाईंना उणकल बरं."

मी समोर बसले होते. लाडू हातात.

"पडशील" हा शब्द मी जन्मभर ऐकलाय. आईकडून, शाळेत, प्रत्येक घाटावर, प्रत्येक पायरीवर. अंगाचा नुसता भडका उडाला.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "गाडी एकच. नवशिके, पक्के, सगळे त्यातच. आणि पहिली फेक सगळ्यात नव्या माणसाची."

"मग आमची जीप नाही."

"बिड्री," अण्णा म्हणाले. राहू द्या. आणि चिवड्याचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

आम्ही कापडाचे गठ्ठे आणायच्या टेम्पोतून गेलो.

नदीच्या एका वळणावर अण्णांनी मला सरळ नेऊन उभं केलं. घट्ट वाळू, पुढं सपाट खडक, खडकाला लागून पाणी. एकही दगड आडवा आला नाही. कुणी "पडशील" म्हटलं नाही.

पहिली फेक माझी.

काहीतरी लागलं आणि मी इतक्या जोरात हिसका दिला की माशी मागच्या झाडात जाऊन अडकली. सगळे हसले. मीही हसले, मग रडले. तिशी ओलांडलेली बाई, नदीकाठी सगळ्यांसमोर उभी राहून रडत होते. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पुढं कितीतरी वर्षं असेच गेलो. त्या दोघांतले एक साहेब परत आले. अण्णांनी त्यांना सगळ्यात नव्या माणसाच्या मागं उभं केलं. राहिले बिचारे गप उभे.

तो खडक म्हणजे आपलं नशीब, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आज सकाळी अण्णांच्या घरी गेले. काकूंनी आतून दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज आणला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा तुला द्यायला सांगितलाय."

"मला कशाला?"

"तू नवीन आलीस त्या वर्षी, तुमच्या ट्रिपच्या आधी हे एकटेच दांडेलीला जायचे. हा पायाला बांधायचे, गुडघा ताठ करायचे आणि काठाकाठानं चालायचे. दोनदा आपटून आले. मी ओरडले तर म्हणाले, बाईंना कुठं जमेल ते खुर्चीत बसून कसं कळणार?"

गज घेऊन घरी आले आणि हे लिहायला बसले.

तर सीनियर मेंबरहो.

गज आता माझ्याकडं आहे. मला तो बांधायची गरज पडत नाही. ज्यांना वेगळी ट्रिप काढायची आहे त्यांनी आधी हा पायाला बांधून काळीचा काठ चालून दाखवावा. मग बोलू.

सुतक घरच्यांना. काकूंनीच "जा" म्हटलंय.

रविवारी पहाटे गाडी दुकानासमोरून सुटेल. एकच गाडी.

विद्यानगरची एक कॉलेजची पोरगी नुकतीच आलीय. तिला अजून धड गाठ मारता येत नाही. पहिली फेक तिची.

अण्णा, तुम्ही निवांत जा आता.

काठ मी बघून ठेवते.