जोड जमते

हे मी आजवर कुणालाही बोललो नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या शेजारी बसून तीस वर्षं कुस्त्या पाहिल्या त्या बापूला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समीरला ओळखत नाही. थोडा वेळ लागेल — एकदम सांगायला माझी जीभ वळत नाही.

आष्ट्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी एका बाजूला, आणि दर सोमवारी सकाळी दुसऱ्या बाजूला आम्ही पाच-सहा कुस्तीवेडे. रविवारच्या मैदानाचा पंचनामा चालायचा. कोण चीत झाला, कुणाची बरोबरीत सुटली, कुणाला आता वरच्या नंबरला घ्यायला हवं, कोण उगाच एक नंबरला, म्हणजे मैदानातल्या सगळ्यात मोठ्या कुस्तीला, बसलाय. यावरून चहा गार व्हायचा. एकदा तर बापूची चप्पल माझ्या कानावरून गेली. गंमत म्हणजे मी जन्मात कधी लांग चढवून आखाड्यात उतरलो नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात ना — तो मीच. पण माझे अंदाज खरे ठरायचे, आणि ठरले की माझी छाती पैलवानापेक्षा जास्त फुगायची. हळूहळू यात्रा कमिटीचे लोक जोडी ठरवताना मला बोलवायला लागले.

समीर शेजारच्या गावचा. वडील शिंपीकाम करायचे. तो आमच्या यात्रेत तीन वर्षं तीन नंबरला लढला, आणि तिन्ही वेळा समोरच्याला चीत केलं. यंदा तो एक नंबरलाच पाहिजे, असं मी म्हणायचो. बापू मान हलवायचा. "त्यो आजून कच्चा हाय. त्याची मान बघ की रं." मी हसायचो. वाद दुकानातून मोबाइलच्या ग्रुपवर गेला, आणि तिथं मी सगळ्यांदेखत लिहून बसलो — समीर एक नंबरला लढला नाही, तर मी कुस्तीवर बोलणं सोडीन. कुणी सांगितलं होतं मला?

यात्रेला पंधरा दिवस राहिले असताना, एका दुपारी समीर दुकानात आला. एकटाच. बसला नाही. कुणी येतंय का ते रस्त्याकडे पाहत म्हणाला, "अण्णा, मान डावीकडं वळली की डाव्या हातात मुंग्या येत्यात. कवा कवा पकडच सुटतीया. यंदा मोठी जोड जमत न्हाई, एवढंच कमिटीत सांगा. कारण सांगू नगा."

तो स्वतः का बोलला नाही, असं वाटेल तुम्हाला. आमच्याकडे पैलवान आपल्या तोंडानं जोड नाकारत नाही. नाकारली, तर तो भ्याला म्हणून पंचक्रोशीत बोभाटा होतो, पुन्हा कुणी त्याला मैदानात बोलवत नाही. 'जमत नाही' हा शब्द त्याच्या वस्तादानं टाकायचा असतो. वस्तादाच्या शब्दाला कुणी कारण विचारत नाही. समीरचे वस्ताद त्याच थंडीत वारले होते. म्हणून तो माझ्याकडे आला — माझ्याकडे! आयुष्यभर जळालेल्या वायरी पाहिलेला माणूस मी. हात बधिर होतो म्हणजे आत काय चाललंय, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी म्हणालो, "बघतो."

बैठक देवळाच्या सभागृहात झाली; बापूही येऊन बसला होता. समोरचा पैलवान माण तालुक्यातला, वजनानं बराच भारी. समीर भिंतीला टेकून खाली पाहत बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, "अण्णा, समीरची जोड जमती का?"

तेव्हा समीरनं मान वर केली. मला ते दिसलं. पण मी पाहत होतो बापूकडे. तो गालात हसत होता. मी कच खाणार, याची त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "जमते."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. एस.टी. स्टँडसमोर, समीरचा फोटो सगळ्यात मोठा. दुकानाला जाता-येता मी आठ दिवस त्याच्याखालून गेलो. आठ दिवस! अध्यक्षांना एक फोन केला असता तरी पुरे होतं. फोन खिशातच होता. रोज वाटायचं, उद्या करू. आणि मी ग्रुपवर लिहायचो, यंदा निकाली कुस्ती बघाल.

मैदानाला बापू माझ्या शेजारीच होता. हलगी कडकडत होती. पाच-सहा मिनिटं समीरनं तोलून धरली — पण डावा हात तो पुढं टाकतच नव्हता. का, ते फक्त मला समजत होतं. मग माणच्या पैलवानानं ढाक मारली, आणि समीर वरून खाली आला तो मानेवर. लोक उठून ओरडले, फेटे उडाले. मग पुढची रांग गप्प झाली, तिच्यामागची गप्प झाली, शेवटी हलगी थांबली. तांबड्या मातीत त्याचा डावा हात उघडा पडला होता. बोटं हलत नव्हती.

सांगलीच्या दवाखान्यात व्हरांड्यात सगळे एकच विचारत होते — आधी काही दुखत होतं का, कुणाला बोलला होता का? त्याच्या वडिलांसमोर, बापूसमोर, मी म्हणालो, "पोरानं कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं." वडिलांनी होकारार्थी मान हलवली. त्यांना माझं बोलणं पटलं होतं.

मग मला आत सोडलं. मानेला पट्टा, छतावर नजर. मला वाटलं, आता हा सगळ्यांना हाक मारणार. त्यानं मारली नाही. हळूच म्हणाला, "अण्णा, तुमी इसरला आसाल."

"व्हय गड्या," मी म्हणालो. "इसरलो."

त्यानं डोळे मिटले.

आता तो वडिलांच्या दुकानात बसतो, उजव्या हातानं मापं लिहून घेतो. डावा मांडीवर असतो. मी दिसलो की आधी तोच हाक मारतो. त्यानं आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. यंदाही कमिटीनं मला बोलावलं, आणि मी गेलो.

मी विसरलो नव्हतो. 'जमते' म्हणताना त्याचा शब्दन् शब्द मला आठवत होता.