गळ्याखाली गादी

बातम्यांच्या पडद्यावर उजवीकडे खाली एक चौकोन असतो. त्यात कुणी बाई नाहीतर बुवा हात हलवत असतात, आणि कान शाबूत असलेली माणसं त्यांच्याकडे बघून एकदा तरी हसतात. ही त्या चौकोनातल्या बाईची गोष्ट. कचेरीत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे हातवारेबाई. तिला ते ठाऊक होतं. "हातवारे भांडताना करतात, मी भाषा बोलते," असं तिने सुरुवातीला दोघाचौघांना सुनावलं होतं. मग सोडून दिलं. किती जणांची तोंडं धरणार?

ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. तिचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. दादाच्या वेळच्या शाळेत खुणा करणाऱ्या मुलांचे हात बाकाला बांधून ठेवत आणि तोंडाने बोला म्हणत. जो आवाज कधी ऐकलाच नाही तो पोराने काढायचा कसा, हे त्या विद्वानांना कुणी विचारलं नाही. परिणाम काय, तर दादाने आयुष्यभर छापखान्यात पुस्तकं बांधली, पण छापलेली एक ओळ वाचायची म्हटली की त्याला घाम फुटायचा. घरी मात्र हा गडी बोलका, नको इतका बोलका. धाकट्या बहिणीला त्याने आधी हातांनी बोलायला शिकवलं, तोंडाने ती नंतर बोलायला लागली. लग्नही त्याने बहिऱ्या मुलीशीच केलं. वहिनी त्याच्या वरताण. दोघांचं जुंपलं की आवाज न होताही शेजारच्यांना कळायचं, कारण खिडकीच्या पडद्यावर चार हातांच्या सावल्या थैमान घालत.

हातवारेबाई ज्या बातम्या सांगायची त्या फक्त फोनवर दिसत. टीव्हीबिव्ही नाही. शहरातली झाडून सगळी बहिरी मंडळी त्या बघत आणि तिच्या चुकाही काढत. "काल वादळ म्हणालीस की कपडे वाळत घातलेस?" असले निरोप दादा स्वतःचं चित्रण करून पाठवायचा. सख्ख्या भावाचं कौतुक हे असं.

एका सकाळी बातमी आली की शहराच्या जुन्या टाकीत कारखान्याचं रसायन मिसळलंय. नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, उकळण्याचा उपयोग नाही. बाईने ती बातमी एकदा नाही, लागोपाठ तीनदा सांगितली. पाणी ओठांशी, पोट पोटाशी, नकार चेहऱ्यावर आणि हातात. सांगून झाल्यावर तिने दादाला वेगळा निरोप धाडला नाही. कशाला धाडायचा? त्यालाच तर सांगितलं होतं, आत्ता, या दोन हातांनी.

दुपारी दादाचा शेजारी तिला फोन करून म्हणाला, "तुमच्या वहिनींना इस्पितळात नेलंय. उलट्या थांबत नाहीत."

ती धावत गेली. वॉर्डात वहिनी निळ्या चादरीखाली मुटकुळं करून पडली होती, हाताला सलाइन. म्हणजे एका हाताची बोलती बंद. दादा स्टुलावर बसला होता. बहिणीला बघून तो उठला नाही.

"पाणी प्यायलात कसे?" तिने खुणेने विचारलं. "मी सांगितलं होतं ना!"

दादाचे हात सुटले. "काय सांगितलंस? तू हात खाली घालून बसली होतीस! नुसती तोंडं वाकडी करत होतीस. मला वाटलं, हिचं पोट दुखतंय."

"मी? हात खाली घालून?"

"मी आंधळा नाही, बहिरा आहे. बाहेर बघितलं तर सगळे डबे आणि बाटल्या घेऊन पळत होते. मला वाटलं, पाणी जाणार. म्हणून घरातलं होतं नव्हतं ते भांडं नळाखाली धरलं. ही म्हणाली, तुझी बहीण असताना आपल्याला काळजी नाही. म्हणाली आणि दोन पेले प्यायली." त्याने वहिनीकडे बोट दाखवलं. "नोकरीचा कंटाळा आला असेल तर सोड. पण तिथे बसून आम्हाला फसवू नकोस."

गल्लीतून भोंगा लावलेली गाडी फिरून गेली होती म्हणे. बहिऱ्यांच्या दारावरून भोंगा! वा रे व्यवस्था.

बाईने आपल्या फोनवर सकाळचं बातमीपत्र लावून त्याच्यासमोर धरलं. त्यात तिचे हात स्वच्छ दिसत होते. दादाने तो फोन बाजूला सारला आणि आपला पुढे केला. तेच बातमीपत्र, तीच ती, तोच चौकोन. बातमी सुरू झाली आणि खालून एक पट्टी सरकत वर आली. पट्टीवर गादी. पांढरीशुभ्र, फुगलेली, वर एक जोडपं लोळतंय. ती गादी बाईच्या हनुवटीला टेकली आणि तिथेच थांबली. वर फक्त बाईचा चेहरा, कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले. गळ्याखाली गादी. बातमीच्या ज्या ओळी खालून सरकतात त्याही गादीखाली गुडुप. बातमी संपली तशी गादी शहाण्यासारखी निघून गेली.

तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

कचेरीत पोचल्याबरोबर ती तंत्रज्ञाच्या खोलीत शिरली. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या पडद्यावर काहीच नाही. बघा की." खरंच नव्हतं. कारण गादी इथे चिकटतच नव्हती. चित्र इथून निर्मळ निघायचं आणि बघणाऱ्याच्या फोनवर पोचलं की तिथे त्याला जाहिरात डकवली जायची, याला गादी, त्याला गाडी, तिसऱ्याला तेल. आणि कचेरीतल्या माणसांच्या फोनवर जाहिराती बंद, ही कंपनीची मेहेरबानी. म्हणजे जे दाखवतात त्यांनाच ते काय दाखवतात हे दिसत नव्हतं. इतकी सोय करून आंधळं होता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"हे कुणाचं डोकं?"

"जाहिरातप्रमुखांचं," तंत्रज्ञ पुटपुटला. "नवीन पद्धत आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

जाहिरातप्रमुख म्हणजे तिशीतला गुळगुळीत माणूस. त्याच्या खोलीत बसायला इतक्या मऊ खुर्च्या की माणसाला तडकून उठता येऊ नये. बाई उभीच राहिली. तिने सगळं सांगितलं. वहिनीचं सांगितलं.

"फारच वाईट झालं," तो म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा उजळला. "पण मॅडम, तुम्हाला एक गंमत दाखवतो. तुम्हाला अभिमान वाटेल."

त्याने संगणकावर एक चित्र उघडलं. बातमीपत्राचाच पडदा, पण वर रंग सांडल्यासारखा. काही प्रेक्षकांना बसवून त्यांची बुबुळं कुठे कुठे फिरतात ते कॅमेऱ्याने टिपलं होतं. नजर जिथे जास्त थांबते तिथे लाल. निवेदकाच्या चेहऱ्यावर फिकट पिवळं काहीतरी होतं. उजव्या कोपऱ्यात, बाईच्या चौकोनात, लालभडक.

"हलत्या गोष्टीकडे डोळा जातोच," तो सांगत होता. "तुमचे हात सतत हलतात. ऐकू येणारेसुद्धा तुमच्याकडेच बघतात! अख्ख्या पडद्यावर सगळ्यात मोलाची जागा तुमची आहे."

"म्हणून तुम्ही ती झाकलीत."

"झाकली नाही, वापरली."

"अहो, माझ्या हातांकडे लोक बघतात म्हणून माझे हातच दिसू द्यायचे नाहीत? विहिरीवर गर्दी होते म्हणून विहिरीवर दुकान बांधाल का?"

तो हसला. फार छान बोलता मॅडम, असं काहीसं म्हणाला. मग म्हणाला, "एक करता येईल. तुम्ही हात जरा वर घ्या ना. खांद्याच्या वर. प्रश्नच मिटला."

"पोट पोटाशी दाखवतात, साहेब. ते डोक्यावर घेऊ? म्हणजे लोकांना वाटेल, पाणी प्यायलं की केस गळतात."

"तुमचे प्रेक्षक एकूण किती, हाही विचार करावा लागतो," तो आता जरा कोरडा झाला. "आकड्यात ते दिसतसुद्धा नाहीत."

"दिसत नाहीत कारण तुम्ही गादी टाकलीत!"

पुढच्या तिमाहीत बघू, असं म्हणून त्याने फोन कानाला लावला. बाई बाहेर आली. संध्याकाळचं बातमीपत्र तोंडावर आलं होतं.

त्या बातमीपत्रात सकाळपेक्षा वाईट बातमी होती. दुसऱ्या टाकीतही तेच रसायन सापडलं होतं, आणि दुसऱ्या टाकीचं पाणी निम्म्या शहराला जायचं. बहिऱ्या मंडळींपैकी किती घरं तिथे होती ते बाई बोटांवर सांगू शकली असती, पण बोटं गादीखाली जाणार होती. ती आपल्या हिरव्या कापडासमोर खुर्चीवर बसली. समोरचा दिवा लागला. पलीकडे मोठ्या टेबलामागे निवेदकाने टाय सारखा केला. तो "नमस्कार" म्हणाला, मथळे झाले, आणि टाकीची बातमी आली.

बाई उठली. दिव्यांच्या वायरी ओलांडून सरळ गेली आणि निवेदकाच्या शेजारी, मोठ्या कॅमेऱ्यासमोर, पडद्याच्या मधोमध उभी राहिली.

निवेदकाच्या कानातल्या बोंडातून कुणीतरी ओरडत असणार, कारण त्याचा एक डोळा मिचमिचायला लागला. पण बातमीपत्र थेट चाललेलं. तो ओरडू शकत नाही, तिला ढकलू शकत नाही, थांबू तर मुळीच शकत नाही. बिचारा वाचत राहिला. जरा सरकलासुद्धा, तिच्या कोपराला जागा द्यायला. माणूस वाईट नव्हता. बाईने पाणी ओठांशी नेलं, पोट पोटाशी दाखवलं, आणि नकार असा दिला की निवेदकही दचकला. दुसरी टाकी, कुठले रस्ते, कुठली वस्ती, सगळं सांगितलं. नळाला हात लावू नका. शेजारच्या बहिऱ्या घरात जाऊन सांगा. आत्ता जा.

ती दारातून बाहेर पडली तेव्हा जाहिरातप्रमुख तिथेच उभा होता. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. गुळगुळीतपणा कुठल्या कुठे गेला होता.

"लेखी द्या," बाई म्हणाली. "आणि कारण नीट लिहा."

फोन थरथरला. दादाने स्वतःचं चित्रण पाठवलं होतं, वॉर्डातून. "बघितलं. छापखान्यातल्या त्या बहिऱ्या जोडप्याला सांगितलं, ते त्यांच्या गल्लीत दारोदार फिरतायत. सगळ्यांनी नळ बंद केले." मग थोडं थांबून, "केस विंचरून जात जा. अख्खं शहर बघतं."

बाई हसली नाही. त्या दिवशी तिला हसू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिला काढल्याचं पत्र काही आलं नाही. दोन दिवसांनी आला तो जाहिरातप्रमुखाचाच फोन, आणि आवाजात पुन्हा लोणी. कोपऱ्यातली पट्टी कायमची काढली होती. का काढली, तर गादीवाल्यांनी तक्रार केली म्हणून. त्या संध्याकाळी बाई उठून गेल्यावर त्यांची महागडी गादी एका रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पसरलेली दिसली आणि लोकांनी टिंगल केली. वहिनीच्या हाताला सलाइन लागलं तेव्हा जी पट्टी इंचभर हलली नव्हती, ती गादीची शोभा गेली तेव्हा एका दिवसात हलली.

"तर मॅडम, झालं तुमच्या मनासारखं. आता एक छोटंसं चित्रण करू या. तुमच्या वहिनी, दादा, आम्ही फुलं देतोय. एका मिनिटाचं. लोकांना आवडेल."

"या," बाई म्हणाली. "दादालाही तुम्हाला भेटायचंय."

ते आले. जाहिरातप्रमुख, एक कॅमेरावाला आणि फुलांचा एवढा मोठा गुच्छ. वहिनी आता उशीला टेकून बसत होती. रंग मेणासारखा, पण दोन्ही हात मोकळे. दादाने फुलं घेतली, स्टुलावर ठेवली आणि स्टूल पायाने पलंगाखाली सरकवलं. कॅमेरावाल्याने बोट वर केलं, चालू.

"दादांना काय वाटतं, तेही घेऊ," जाहिरातप्रमुख गोड आवाजात म्हणाला. "मॅडम, तुम्ही सांगाल ना आम्हाला?"

"सांगते. पण दुभाष्याने पदरचं घालायचं नसतं आणि काही गाळायचंही नसतं. तो 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणणार. चालेल?"

"अर्थात, अर्थात."

दादाचे हात उठले. बाईने घसा साफ केला आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. "मी तुला साहेब म्हणणार नाही, कारण तुझी लायकी नाही. माझी बायको मरता मरता वाचली आणि तू भाजीवाल्यासारखा गुच्छ घेऊन आलास."

पलीकडच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. नर्स दारात थबकली.

"मॅडम, एवढं सगळं नको," जाहिरातप्रमुख हळूच म्हणाला.

बाईने दादाला त्याचं म्हणणं खुणेने सांगितलं. इमानदारीत, जसंच्या तसं. दादाचे हात आणखी वेगाने फिरायला लागले, आणि वहिनीनेही बाह्या सरसावल्या.

"कॅमेरा बंद करू का, सर?" कॅमेरावाल्याने विचारलं.

बाईने तेही दादाला सांगितलं. "बंद केलास तर बघ," तिने त्याचं उत्तर सांगितलं. "आणि आता वहिनी बोलतायत. नीट ऐका. मी आजारी होते तेव्हा मला एका हाताने बोलावं लागलं, म्हणून बरंच साठलंय. पहिली गोष्ट, निर्लज्ज माणसा..."