शालनआक्कांचं दोनदा धरलेलं व्याज

शालनआक्का कुठलाही कागद बसून वाचत नसत. विजेचं बिल असो, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो, नाहीतर कुणाची लग्नपत्रिका. आक्का आधी उठून उभ्या राहायच्या, चष्मा पदरानं पुसायच्या आणि ओळीखाली बोट धरून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायच्या. "बसून वाचलं की झोप येती, उभारून वाचलं की शंका येती," असं त्यांचं म्हणणं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी. आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर त्या नुकत्या राहायला आल्या होत्या आणि सोसायटीच्या नियमांवर सही करायला वर आल्या होत्या. चहा समोर ठेवून त्या सोफ्यावरून उठल्या आणि चार पानं खड्या आवाजात वाचू लागल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या.

"साहेब, हितं ‘थकबाकीदार सभासदाला दंड द्यावा’ असं लिवलंय. म्हंजे जो पैसे भरत न्हाय त्यालाच आपण दंडाचे पैसे द्यायचे व्हय?"

माझी बायको मालती तोंडाला पदर लावून आत पळाली. ते नियम मी लिहिले होते. ‘सभासदाने’च्या जागी पडलेला तो ‘सभासदाला’ दहा वर्षं कुणाच्या नजरेला आला नव्हता. मी हसलो, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं.

मी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्या शेतकरी घरातला पहिला पदवीधर. दर रविवारी सकाळी आसपासची माणसं कागद घेऊन माझ्याकडे यायची. कुणाला ठेवीचा फॉर्म भरायचा असायचा, कुणाला पेन्शनचा दाखला. "साहेबांना विचारू या," हे वाक्य जिन्यातून ऐकू आलं की मला बरं वाटायचं. आक्का आल्या आणि वर्षभरात ती माणसं तळमजल्यावरच थांबू लागली. मी गॅलरीतून त्यांच्या दारातल्या चपला मोजायचो. हे लिहायला लाज वाटते, पण मोजायचो. मालतीसुद्धा काही अडलं की "आक्कांना विचारून येते" म्हणून खाली जायची, आणि जाताना वाटीभर काहीतरी घेऊन जायची.

आक्का मूळच्या कबनूरच्या. वडील यंत्रमागावर कामाला. "माझ्या बाकडनं मागवाल्या शेटनं कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतला. पुढं त्याच्यावर काय लिवलं ते बाला मरस्तंवर कळलं न्हाय," त्या सांगायच्या. "तवापासनं ठरवलं, कागुद वाचल्याबिगर सही करायची न्हाय." त्या नर्स झाल्या आणि पेठ वडगावच्या बाजूला सरकारी दवाखान्यांत पस्तीस वर्षं नोकरी केली. आमच्या कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायकांसारखं त्याही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलत. बैठकीच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्याखाली नीट रचलेल्या फायली. माझ्या फायली इतक्या नीट कधीच नव्हत्या. आणखी एक कबूल करतो. त्यांच्या जागी आमच्या नात्यागोत्यातला कुणी असता तर मला एवढं टोचलं नसतं. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो.

चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या सचिवपदाची निवडणूक झाली. मी उभा राहिलो. आक्का उभ्या नव्हत्या, लोकांनीच त्यांचं नाव सुचवलं. मला एकच मत पडलं, आणि ते मालतीचं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आक्का एक कागद घेऊन वर आल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला.

"साहेब, हे बघा काय आलंय. मी ठेवीचं व्याज लपवलं म्हणत्यात. कर भरा, दंड भरा. पस्तीस वर्सं नोकरी केली, एक मेमो न्हाय मला."

पेन्शन आणि निवृत्तीच्या पैशांवरचं व्याज, एवढंच त्यांचं उत्पन्न. विवरणपत्र त्या दरवर्षी वेळेत भरायच्या. मी नोटीस आणि सोबतची यादी पाहिली. त्या वर्षी त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. जुन्या बँकेनं वर्षाचं व्याज कळवलं होतं आणि नव्या बँकेनं तेच व्याज पुन्हा कळवलं होतं. एकाखाली एक दोन ओळी, बँकांची नावं वेगळी, आकडा रुपयापर्यंत तोच. कर कार्यालयानं दोन्ही ओळींची बेरीज करून फरक मागितला होता. ज्यानं बँकेत आयुष्य काढलं त्याला हे दिसायला निमिषही लागत नाही. मला दिसलं.

"भरून टाका, आक्का," मी म्हणालो. "सरकारी काम आहे. या वयात हेलपाटे कशाला?"

"पर मी लपवलं न्हाय की."

"कोण विचारतंय? भरलं की मिटलं."

"भरलं म्हंजे कबूल केलं, न्हवं?"

मी नोटीस त्यांच्या हातात परत दिली. त्यांनी कागदाची घडी घातली, "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्या रात्री मी पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईकाकू तशीच नोटीस घेऊन आल्या. एकट्या राहणाऱ्या विधवा बाई, त्याच बँकेच्या ठेवीदार. आता त्यांना खरं सांगितलं असतं तर आक्कांना का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता. मी त्यांनाही "भरून टाका" म्हणालो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरले. त्यासाठी त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, हे मला फार उशिरा कळलं.

आक्कांनी भरले नाहीत. त्या यादी घेऊन बँकेत गेल्या. काउंटरवरच्या माणसानं "सिस्टीममध्ये असंच दिसतंय" असं सांगितलं. "सिस्टीमला कुणीतरी शिकवलंच असंल की," आक्का म्हणाल्या, "त्याला बोलवा." मॅनेजर आला. ठेव एकच असून व्याज दोनदा कळवलं गेलं, असं पत्र घेऊनच त्या बाहेर पडल्या. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी संगणकावर उत्तर पाठवलं. दोन महिन्यांनी तीच नोटीस जशीच्या तशी पुन्हा आली, आणि त्या वर्षी त्यांना कराची परत मिळायची रक्कमही त्या मागणीपोटी वळती झाली.

मग त्यांनी कर कार्यालय गाठलं. दारावरचा रखवालदार म्हणाला, "मावशी, आता सगळं ऑनलाइन असतंय." आतल्या साहेबांनी तुमचं उत्तरच मिळालेलं नाही असं सांगितलं. आक्कांनी पोचपावती पुढे धरली. "मग ही काय हाय? लग्नपत्रिका?" साहेब म्हणाले की मागणी दुसऱ्या केंद्रातून निघते, आमच्या हातात काही नाही, तुम्ही घरी जा.

"तुमी त्यांस्नी कळवा. मी बसतो. नर्स हाय मी, पेशंट शुद्धीवर येईस्तवर बसायची सवय हाय मला."

असं त्या पाच वेळा जाऊन बसल्या. घरचा डबा घेऊन जायच्या. पाचव्या खेपेला म्हणे त्या साहेबांनीच त्यांना चहा मागवला आणि स्वतः दुरुस्तीचा प्रस्ताव लिहून पाठवला. महिन्याभरात मागणी रद्द झाल्याचं पत्र आलं. वळती केलेली रक्कम परत आली. मालतीनं हे सगळं मला जेवताना सांगितलं. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

बातमी पसरली. त्या बँकेचे बरेच ठेवीदार याच फेऱ्यात सापडले होते. ते आक्कांकडे येऊ लागले आणि आक्का प्रत्येकाला उभं करून त्याचा कागद त्याच्याकडूनच वाचून घेऊ लागल्या. देसाईकाकूही गेल्या. भरलेला कर परत मागायचं काम अधिक किचकट होतं. आक्कांनी त्यासाठी आणखी सहा महिने घालवले. काकूंचे पैसे आले आणि त्यांचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी मी खाली गेलो.

आक्का भाकरी थापत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिलो.

"आक्का, त्या दिवशी ती चूक मला दिसली होती."

"ठाऊक हाय," त्या मागे न बघता म्हणाल्या. "त्या दोन ओळींवर तुमचं बोट थांबलं हुतं. तुमचं बोट थांबलं म्हणूनच मी घरी येऊन त्या ओळी परत बघितल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमाला माझा राग हुता. माणसाला येतोय राग. माझं चालून गेलं, मला पाय हायत, तोंड हाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळल्या. "पर देसाईबाईंस्नी तुमी भरा म्हणालासा, ते वंगाळ केलंसा. वर्सभर ती बाई एका डोळ्यानं चालली. माझ्याकडं काय सांगताय? तिच्याकडं जावा."

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकूंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला भावासारखं मानत होते हो." एवढंच. आजही त्या जिन्यात भेटल्या की बोलतात, पण कागद घेऊन कधी येत नाहीत. आक्कांनी मात्र ही गोष्ट मालतीलासुद्धा सांगितली नाही. उलट कुणी बँकेचं काम घेऊन आलं की "ते वरच्या साहेबांस्नी जास्त कळतंय" म्हणून माझ्याकडे पाठवू लागल्या. हेव्याचं औषध म्हणून त्यांनी ते केलं असेल, तर ते कडू होतं. त्यांच्या उपकारानं आलेल्या माणसांचे फॉर्म भरताना मला त्यांचा आणखीच हेवा वाटायचा.

मागच्या वर्षी आक्का मुलीकडे नागपूरला कायमच्या राहायला गेल्या. गुडघे थकले होते. निरोपाला सगळी बिल्डिंग जमली. मी गर्दीत मागे होतो, त्यामुळे नीट बोलणंही झालं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तिकडच्या शेजारी कुणा बाईच्या लहान मुलाच्या नावावर आजीनं ठेव ठेवली होती. तिचं व्याज आई आणि बाप दोघांच्याही नावावर लागून आलं होतं.

"साहेब, हे नेमकं कुणाच्या उत्पन्नात धरायचं? मला पक्कं ठाऊक न्हाय."

मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. पूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. "मलाही माहीत नाही, आक्का," मी म्हणालो. "बघून सांगतो."

"बघा की. घाई न्हाय. हितं चारपाच बायका बसल्यात माझ्याजवळ, त्यांस्नी सांगतो, आमच्या कोल्हापूरचे साहेब बघत्यात म्हणून."

पाठीमागून बायकांचं हसणं ऐकू आलं, कुणीतरी आक्कांना चहाचं विचारत होतं. फोन बंद झाल्यावर मी तसाच बसून राहिलो. नागपूरच्या त्या अनोळखी बायकांचा मला फार हेवा वाटला.